जीपच्या मागं बांधलेलं घर

मी घाबरट हाये. हे पयलेच सांगून टाकते, कारन पुढचं सगळं त्याच्यावरच उभं हाये. पाल दिसली तं मी खाटेवर चढते, फटफटीवर मागं बसली तं डोळे मिटून घेते, आभाळ गरजलं तं लेकराले पोटाशी धरून चुलीपाशी बसते. माही शाळा नववीत सुटली त्याची घरच्याइनं कारनं बरीच सांगतली, पन शाळेच्या रस्त्यावरचे कुत्रे हे बी एक कारन होतंच. अन् अशी मी आता जीपच्या मागं घर बांधून जिल्हाभर फिरते. लोकं इचारतात, ताई, तुले भेव नाही वाटत? वाटते ना. वाटते म्हनूनच तं घर अजून जीपच्या मागं हाये.

आमचे हे शेडनेटचे सांगाडे उभे करतात. आमच्या देऊळगाव राजाकडं भाजीपाल्याच्या बियान्यासाठी वावरा-वावरात जाळीची घरं झाली. लोखंडी पाइप गाडायचे, कमानी वाकवायच्या, वेल्डिंग मारायचं अन् वरून जाळी तानून घ्यायची, हे त्याइचं काम. जवळचं काम असलं तं संध्याकाळी घरी. पन हात चांगला हाये, नाव झालं, मंग लांबून बोलावनं याले लागलं. लोणार, मेहकर, मोताळा. तिथं गेले की तिथंच राहायचं, कोनाच्या गोठ्यात नाही तं पंपाच्या खोलीत.

पोरगी रांगायले लागली तवा हे लोणारकडं एका मोठ्या कामावर होते. काम लांबलं. आले तं दाढी वाढलेली, तोंड उन्हानं करपलेलं. दारातूनच हात पसरले, "ये व माह्या चिमने!" पोरीनं एकडाव त्याइच्याकडं पाह्यलं अन् असा टाहो फोडला का शेजारची म्हातारी पळत आली. पोरगी माह्या मानेत तोंड खुपसून बसली. हे हसले. "दाढीले भ्याली," म्हने. न्हाव्याकडं जाऊन आले. तरी रडली. मंग हे हसले नाहीत. ताटावर बसले अन् भाकरीचा एकच तुकडा घेऊन बसून राह्यले. दूधवाल्याकडं जाते पोरगी, शेजारच्या म्हातारीकडं जाते, अन् बापाकडं जात नाही. मले त्याइच्या तोंडाकडं पाहवलं नाही.

मी म्हनलं, "आता जासान तं आमाले बी घेऊन चाला."

"ठेवू कुठं तुमाले? ताडपत्रीखाली?"

"ताडपत्रीखाली इच्चू येतात."

"मंग?"

मंगचं उत्तर त्याइले सापडलं. फोनवर कोन्या देशातले नवरा-बायको मोटारीच्या मागं पांढरं घर बांधून फिरत होते, आत पलंग, शेगडी, खिडकीले पडदे बी. त्याइनं ते चार-पाच डाव पाह्यलं अन् दुसऱ्या दिवशी भंगारातून जुन्या ट्रॉलीचा आख अन् सांगाडा घेऊन आले.

अंगनात घर बनाले लागलं. खालून लोखंड, वरून पत्रा, पत्र्याच्या आत थर्माकोल, त्याच्यावर प्लायवूड. एक पलंग, एक ओटा, टपावर सोलरची पाटी, मागं दार, दोन बाजूंनी खिडक्या. अर्धं गाव पाहाले यायचं. माही सासू, तिले मी आत्याबाई म्हन्ते, ती ओसरीत निवडनं घेऊन बसायची अन् तिथून तोंड चालवायची. तिचं माहेर जालन्याकडचं, बोली बी तिकडचीच.

"घराला चाकं लावतो काय रे? मग मला बी लाव दोन."

मामाजी, म्हनजे माहे सासरे, बिडी इझवत बोलले, "तुले कायले? तू बिनचाकाचीच गावभर फिरतं."

"त्यो डबा हाय डबा. डब्यात भाकरी ठेवतात, माणसं नाही."

झालं. तवापासून त्याचं नाव डबा. पासिंगवाल्या कागदावर दुसरं काही लिहिलं असन, घरी मात्र डबाच.

पयलं मोठं काम आलं ते संग्रामपूर तालुक्यातलं. अन् माहं माहेर तिकडंच, सातपुड्याच्या पायथ्याले. आत्याबाईनं कपाळाले हात लावला. "अस्सं व्हय! सुनेनं माहेरी जायला डबा बनवून घेतला!"

"आत्याबाई, तुमाले बी नेते ना डब्यात."

"मी नाही बसत त्यात."

सकाळी उठून पाह्यलं तं तिची पिशवी भरलेली, वर पानाचा डबा बी ठेवलेला. मामाजी तेवढे घरी राहनार होते.

आता भेवाचं सांगते. डबा बनून राह्यला होता तवा मी रोज काही तरी इचारायची. जीप अन् डबा जोडनारी पिन निघाली तं? ती निघू नये म्हनून खालच्या भोकात क्लिप असते, म्हने. क्लिप तुटली तं? मंग त्याइनं दोन साखळ्या लावल्या, दांडीखालून फुलीसारख्या आडव्या-तिडव्या, म्हनजे दांडी पडलीच तं जमिनीत न घुसता फुलीवर पडन. उतारावर उभा केला अन् घरंगळला तं? मंग चाकाखाली द्याले लाकडाचे चार ठोकळे. मागची गाडी दिसली नाही तं? जीपले लांब दांड्याचे आरसे. हे कट्टाळायचे. मामाजीले सांगायचे, "बाबा, हिच्या एका एका भेवाले मले एक एक नट लावा लागून राह्यला." मामाजी म्हनायचे, "लाव ना मंग. नट सस्ता हाये."

सामान भरून सिंदखेड राजाच्या रस्त्यानं चालवून पाह्यलं तं नवंच झालं. जीप जरा जोरात गेली की डबा शेपटी हालवाले लागला. डावी-उजवी, डावी-उजवी, अन् जीपले बी सोबत घेऊन. मी तं देवाचं नाव घेत बसली. मामाजी मागच्या शिटावरून मान मोडून पाहून राह्यले होते. घरी आल्यावर मामाजीनंच मागचं दार उघडलं. वेल्डिंगची मशीन, पाइप कापायचा कटर, हातोडी-स्क्रूची पेटी, पिन्याच्या पान्याची टाकी, सगळं पार मागं, दारापाशी.

"बैलगाडी कधी भरली का बे तू? उलाळ भरली तुनं."

गाडी मागून जड झाली की पुढची दांडी वर उठते, बैलाच्या मानेवरचं जू उचलते, त्याले उलाळ म्हन्तात. कपाशी वाह्यलेल्या मानसाले हे झोपेतबी कळते. मामाजीनं सगळं जड सामान चाकाच्या पुढं, खाली, जमिनीशी ठेवाले लावलं. वर फक्त कपडे, गोधड्या. मंग आमाले दांडी उचलाले लावली. एकट्याले एका हातानं उचलता आली तं उलाळ. दोघाइले बी उचलता नाही आली तं जीपची मागची बाजू बसनार अन् पुढचे दिवे आभाळाकडं पाहनार. दोघाइनं दात-ओठ आवळून उचलली पाहिजे, म्हनजे बराबर. अन् पान्याची टाकी चालताना रिकामी, कारन अर्धी टाकी वळनावर हिंदकळते अन् डब्याले सोबत नेते. हे आमी आजबी तसंच करतो. पोचलो की पानी भरतो.

निघायचा दिवस उजाडला. मी सकाळीच डब्याभोवती फिरून आली. पिन, क्लिप, साखळ्या, दिव्याची वायर, टायरमधली हवा. सगळं हात लावून लावून पाह्यलं. मंग पूजा. नवी गाडी, पयली खेप, पूजा तं पाहिजेच. आत्याबाईनं चाकाखाली लिंबं ठेवले, पत्र्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, दांडीवर नारळ फोडला, जोडावर झेंडूचा हार टाकला अन् पिनीले लाल नाडा बांधला. जीप अन् डबा यांची गाठ बांधली तिनं, नवरा-नवरीची बांधतात तशी. सगळ्याइनं हात जोडले. मी पोरीचे बी जोडले.

अन् मंग भांडन झालं.

पोरगी झोळीशिवाय झोपत नाही, म्हनून त्याइनं डब्यात पलंगाच्या बाजूले झोळीसाठी कडी लावली होती. आत्याबाई म्हने, "मी अन् पोरगी आतच निजतो. बिछाना हाय, पंखा हाय. झोळीत टाकली की संग्रामपूरपर्यंत हूं की चूं नाही करायची."

मी म्हनलं, "नाही. चालत्या डब्यात कोनी नाही बसायचं."

"काहून गं?"

"मले भेव वाटते."

"तुला भेव कशाचं वाटत नाही ते सांग, लवकर होईल."

सगळे हसले. हे बी हसले. "मी हळूच नेतो ना," म्हने. मी पोरीले कडेवर घट्ट धरून उभी. मले कारन सांगता येत नव्हतं, कोन्या कायद्यात लिहिलं असन तं ते बी मले माहीत नव्हतं. मले फक्त डब्याची ती हालनारी शेपटी दिसत होती. "तुमाले बसायचं तं बसा," म्हनलं, "पोरगी नाही बसनार." आता नात नाही तं आजी कायले बसते? आत्याबाई फुगून जीपमधी जाऊन बसली. "डबा बनवला माणसांसाठी, अन् माणसं बाहेर."

पोरगी चिखलीपर्यंत बरी राह्यली. मंग जी लागली रडाले! झोप आलेली, झोळी नाही, ऊन लागते, आजीच्या मांडीवर नाही, माह्या मांडीवर नाही. बुलडाण्यात पोचेपर्यंत तिचा गळा बसला होता. ह्याइचं तोंड उतरलं. समोर पाहत, गाडी चालवत बोलले, "असं रोजचं झालं तं मी काम करू का हे पाहू? ह्या खेपेले नेतो. पुढच्या खेपेले तुमी घरीच राहा."

एवढं सगळं लोखंड, एवढे नट, अन् पयल्याच दिवशी हे! पुन्हा हे पंपाच्या खोलीत, पुन्हा दाढी वाढवून येनार, पुन्हा पोरगी टाहो फोडनार. अन् आत्याबाईच्या नाकाच्या शेंड्यावर लिहिलेलं होतं, माहं ऐकलं असतं तं.

बुलडाण्यात चहाले थांबलो. मी उतरून डब्याभोवती फिरली. जोडापाशी वाकली तं वरून झेंडूचा हार, खाली हळद-कुंकू अन् नाडा. हार बाजूले कराले हात पुढं केला तं आत्याबाई खिडकीतून वरडली, "हात नको लावू! पूजेचं हाय. पोचल्यावर काढू." मी हात मागं घेतला. देवाचं हाये ते, बरोबर हाये. टायरले हात लावून पाह्यला, गरम जास्त नव्हते. बसली.

बुलडाण्याच्या पुढं राजूरचा घाट. उताराले ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नसते, ब्रेक तापतात अन् मंग लागत नाहीत, गाडी लहान गिअरमधी टाकून तिच्याच जोरानं आवरायची, हे त्याइनं मले समजावून सांगतलं होतं, अन् तसंच करून राह्यले होते. झाडी मस्त होती. आत्याबाईले वांदरं दिसले, ती पोरीले दाखवाले लागली, पोरगी जरा उगी झाली. मले वाटलं, चला, निभलं.

एका वळनावर रस्त्यात गड्डा होता. जीप उडाली. मंग मागं खट्ट.

अन् एकदम जीप हलकी झाली. तुमच्या डोक्यावरचा भारा कोनी मागून उचलून घेतला तं कसं वाटते, तसं. मी लांब आरशात पाह्यलं तं डबा सरळ नव्हता. तो तिरपा होऊन, एका बाजूनं आमाले पाहून राह्यला होता. खालून कर्रर्र आवाज. ह्याइनं जोरात ब्रेक मारला असता तं डबा आमच्या अंगावर येता. त्याइनं मारला नाही. हळू, हळू, गाडी डोंगराच्या बाजूले घेतली. मागून एक धक्का बसला, मंग एक छोटा, मंग सगळं थांबलं.

पोरगी आत्याबाईच्या मांडीवर टाकली अन् मी दार उघडून उडी मारली. शिटाखाली ठेवलेले ठोकळे काढले अन् डब्याच्या चाकापुढं, उताराच्या बाजूनं, ठासून ठासून लावले. हे उतरून पाहून राह्यले होते तोवर माहे चारी ठोकळे लावून झाले होते. घाबरट मानसाचे पाय सगळ्यात आधी हालतात, हे मले त्या दिवशी समजलं.

दांडी साखळ्याइच्या फुलीवर पडली होती. फुलीनं तिले झोळीत धरावं तशी धरली होती. जीपचा मागचा पत्रा चेपला होता, बाकी काही नाही. अन् पिन? पिन लाल नाड्याले लोंबत होती, झेंडूच्या फुलाइसोबत, मजेत झोके घेत.

ह्याइनं ती हातात घेतली. खालच्या भोकात क्लिप नव्हती. भोकातून नाडा ओवलेला.

"क्लिप कुठं हाये?"

मंग आत्याबाई पोरीले घेऊन हळूच जीपमधून उतरली. एका हातानं पदराची गाठ सोडली. आतून खोबऱ्याचे तुकडे निघाले, खडीसाखर निघाली, अन् त्याच्यात, कुंकू लागलेली, क्लिप निघाली.

"ही का रे?"

"आई!"

"मला काय माहीत? नाडा त्या भोकातून ओवायचा होता, ही मधी मधी येत होती. मला वाटलं असंल कायतरी शोभेचं. लोखंडाचं हाय म्हणून फेकली नाही, प्रसादात बांधली." मंग पिनीकडं बोट दाखवून, अर्ध्या आवाजात, "पण पिन हरवली तर नाही ना? नाड्यानं धरली."

हे रागावनार होते. मले त्याइच्या मानेची शीर दिसली. पन पिन हातात, पिनीले झेंडू, अन् समोर प्रसादातली क्लिप, मानूस रागावन तं कसा? ते दगडावर बसले अन् हसत सुटले. मंग मी बी. मले हसू का रडू काही समजून नाही राह्यलं होतं, दोन्ही सोबतच येत होतं.

एक टेम्पोवाला हळू झाला, खिडकीतून इचारलं, "काय भाऊ, घर घेऊन कुठं चालले?"

आत्याबाई बोलली, "सुनेच्या माहेरी."

टेम्पोवाल्यानं उतरून हात लावला. दांडीखाली एक लहान चाक हाये, त्याची मूठ फिरवली की दांडी वर येते. ते फिरवून, जीप ढकलून, पुन्हा जोड जुळवला. अन् हे आतलं सामान पाहाले मागं गेले, मी अन् आत्याबाई बी गेलो. दार उघडलं.

झोळीची कडी प्लायवूडमधून उपटून निघाली होती. झोळी खाली पडलेली. अन् झोळीत कुकर होता. फळीवरून सुटला अन् बराबर झोळीत जाऊन बसला. शेगडी पलंगावर, उशीच्या जागी, उलटी.

आत्याबाईनं पाह्यलं. पोरीचं डोकं आपल्या खांद्यावर दाबून धरलं. कुकरच सगळं बोलला होता.

हे बाहेर येऊन उभे राह्यले. आता हसत नव्हते. "परत फिरू," म्हने. "तुमाले घरी सोडतो. मी येतो एकटा. हे काम नाही लेकराबाळाचं."

भेव मले तवा बी होतंच, खोटं काऊन सांगू. पन जे आलं तोंडात ते बोलली, एका दमात. "परत फिराले बी हाच घाट चढा लागते ना? डब्याची काय चूक हाये? डब्यानं काही नाही केलं, साखळीनं धरलं, ठोकळ्यानं धरलं, तुमी बराबर थांबवलं, एक क्लिप नव्हती ते क्लिप सापडली. क्लिप लावा अन् चाला. नाही तं ही पोरगी तुमाले पाहून जन्मभर रडन अन् तुमी ताटावर बसून राहासान, ते मले पाहवत नाही."

त्याइनं माह्याकडं असं पाह्यलं जसं मी दुसऱ्याच कोनाची बायको हाये.

मंग आत्याबाई बोलली. "चल पुढं. पण आधी हिला बघू दे. हिच्या भेवाला हसलो आपण. इथून पुढं ही व्हय म्हणेल तेव्हाच गाडी हलवायची. मी पूजा केली तरी बी." अन् नाडा दातानं तोडून तिनं दांडीच्या वरच्या कडीले बांधला, जिथं तो कोनाच्या मधी येत नाही.

"पाहा मंग, साहेब," हे म्हने.

मी पाह्यलं. एक एक वस्तूले हात लावून, मोठ्यानं बोलत. पिन. क्लिप. ही साखळी. ती साखळी. वायर. दिवे, मागं कोनी उभं राहून सांगा, लागले का नाही? लागले. लहान चाक वर घेतलं. दार बंद, कडी घातली. आत कोनी नाही. ठोकळे शेवटी काढायचे, अन् काढून मोजून जीपमधी ठेवायचे, रस्त्यावर सोडून नाही जायचे. पोरगी आजीच्या कडेवरून माह्या हाताकडं टकमक पाहून राह्यली होती. रडनं कवाच थांबलं होतं. घाट उतरलो अन् मोताळ्याच्या आधीच ती आजीच्या मांडीवर झोपली, झोळीशिवाय. आत्याबाईचा पाय बधिर झाला पन तिनं संग्रामपूरपर्यंत मांडी हालवली नाही.

तवापासून आमच्याकडं रीत झाली. पूजा आधी, क्लिप मंग. अन् शेवटचा हात माहा. आता डब्याची खोड खोड मले माहीत झाली. मुक्कामाले पयले ठोकळे, मंगच जीप सोडायची, उलटं करायचं नाही. डबा सपाट उभा हाये का नाही ते आत्याबाई ताटात पानी घेऊन पाह्यते. "पाणी एका कडंला जातंय," म्हने, की ह्याइनं एका चाकाखाली फळी द्यायची. गॅसची टाकी चालताना बंद, अन् बंद म्हनजे हातानं फिरवून पाह्यलेली बंद. उलटा घ्यायचा तं स्टेरिंग उजवीकडं फिरवलं की डबा डावीकडं जाते, हे मले अजून समजत नाही, म्हनून मी मागं उभी राहून हात दाखवते अन् हे म्हन्तात, "तुह्या हाताचा अर्थ काय हाये ते आधी सांगत जा." पावसाळ्यात डबा घरी विटाइवर उभा राह्यते, टायर जमिनीवर दाबून राह्यले की चिरतात. टपावरच्या सांध्याइले दर साली सिलिकॉन भरायचं, दिवाळी झाली का चाकाइच्या बेरिंगले ग्रीस. अन् उंदरं. उंदराइले वायर लय आवडते. त्याच्यावर मले अजून उपाय सापडला नाही, आत्याबाईले सापडला, ती डब्याखाली मांजरीले दूध ठेवते.

पन त्या पयल्या खेपेचं राह्यलं.

संग्रामपूरच्या त्या वावरात आमी लिंबाखाली डबा लावला. माही माय भेटाले आली. आत्याबाईनं तिले आत नेलं, खिडकी उघडून दाखवली, पंखा लावून दाखवला. "आमचा डबा," म्हने. "माझ्या पोरानं बनवला. अन् सुनेनं..." मंग म्हने, "चहा घ्या."

काम चालू असलं की मी पोरीले तिकडं नेत नव्हती, वेल्डिंगचा उजेड डोळ्याइले वाईट. डब्याचे पडदे ओढून ठेवायची. जेवायच्या वक्ताले मशीन बंद झाली की मंग आमी भाकरी घेऊन जायचो. एक दिवस गेलो तं मशीन नुकतीच थांबलेली, पाइपाच्या सांगाड्याखाली हे अन् त्याइचे दोन गडी, तिघं जन उभे, तिघाइच्या तोंडावर अजून वेल्डिंगचे काळे मुखवटे, अंगावर सारखेच मळके शर्ट, काही तरी वर पाहून बोलून राह्यले होते. मलेच एक सेकंद समजलं नाही का आपला कोन्ता.

मी पोरीले खाली सोडलं. ती तवा धरून धरून उभी राहाले लागली होती. ढेकळाइवरून रांगत निघाली, थांबली, तिघाइकडं पाह्यलं. मी मनात म्हनलं, झालं, आता हे काळे तोंडं पाहून रडते. माहे हात आपोआप पुढं झाले.

ती नाही रडली. पयल्याले सोडलं, दुसऱ्याले सोडलं, अन् तिसऱ्याच्या पायजम्याले धरून उभी राह्यली. मान वर करून त्या काळ्या मुखवट्याले म्हनली, "बा."

त्याइनं मुखवटा वर केला. आतलं तोंड घामानं निथळत होतं अन् दाढी बी वाढलेली होती, पार तशीच, लोणारवाली. पोरगी हसली. अन् ह्याइच्या शर्टाची गुंडी तोंडात घातली.

आत्याबाई माह्या मागं भाकरीची टोपली घेऊन उभी होती. म्हने, "बघत काय उभी राहिली? वाढ त्याला. आज दोन भाकरी जास्तीच्या लागतील."